किनाऱ्यावर राहिलेली माणसं

गुरम्माला समुद्र बघायची हौस कधीच नव्हती. हौस होती तिच्या मुलाला, शिवकुमारला. लातुरात त्याची गणिताची शिकवणी चांगलीच जमली होती. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून बारावीची पोरं तेव्हा लातुरात येऊन पडत होती. गल्लीगल्लीत मेस निघाल्या होत्या, घरोघरी खोल्या भाड्याने जात होत्या. शिवकुमारने एका पत्र्याच्या शेडमध्ये चार बाकडी टाकून सुरुवात केली होती. आता सकाळी पहिल्या बॅचला पोरं दारात चपलांचा ढीग घालून बसत. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. देगलूरची मुलगी, वर्षाराणी. नाताळाच्या सुट्टीत बायकोला घेऊन कुठे तरी जायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, तू आन् अप्पा पण चला. आख्ख्या जन्मात तुळजापूर-सोलापूरच्या पुढं गेला न्हाईत तुम्ही."

"नव्या जोडप्यात आम्ही कशाला?" गुरम्मा म्हणाली.

"वर्षाच म्हणायलीय," शिवकुमार म्हणाला. तिने खरंच तसं म्हटलं होतं का, हे गुरम्माला कळायला मार्ग नव्हता. सुनेशी तिचं अजून पुरतं बोलणंच झालं नव्हतं. चहा घ्या, जेवायला चला, एवढंच.

नाही म्हणण्याचं खरं कारण तिने सांगितलं नाही. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. किल्लारीकडचा भूकंप झाला त्या पहाटे शिवकुमार लातुरात शिकायला होता आणि नवरा सिद्धराम शेतात जागलीला गेला होता. घरात गुरम्मा आणि तिची नऊ वर्षांची मुलगी सिंधु, दोघीच. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. गुरम्माला दुपारपर्यंत लोकांनी बाहेर काढलं. सिंधुला दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून गुरम्मा स्लॅबखाली झोपली नव्हती. शिवकुमारने पक्कं घर बांधलं, पण ती पुढच्या पडवीत पत्र्याखालीच अंथरूण टाकायची. एखादा ट्रक रस्त्याने गेला आणि मांडणीवरचं भांडं किणकिणलं की हातातलं काम टाकून ती अंगणात येऊन उभी राहायची. कुणी काही बोलत नसे. पाच-दहा मिनिटांनी ती आत जायची.

तरी ती निघाली. मुलगा एवढ्या हौसेने न्यायला निघालाय, त्याचं मन कशाला मोडायचं, म्हणून.

विशाखापट्टणमला ते शुक्रवारी पोचले. शनिवारी शहर दाखवणारी बस होती. गाइड माईकवरून आधी तेलुगूत, मग हिंदीत सांगायचा, देगलूरच्या वर्षाराणीला तेलुगू येत होतं, त्यामुळे ती गाइडच्या आधीच हसायची आणि सिद्धराम विचारायचा, "काय म्हणायलाय?" बस आधी देवळाला गेली, मग वळणावळणाने डोंगर चढून वर. वर शंकर-पार्वतीच्या मोठ्या पांढऱ्या मूर्ती होत्या. सिद्धरामने गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले. गुरम्माने नमस्कार केला, वळली, आणि खाली पहिल्यांदा तिला समुद्र पुरता दिसला.

ती कठड्यापासून मागे सरकली. इतकं मोठं काही तरी सारखं हलतंय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, हे तिला बघवेना. लोक फोटो काढत होते, भेळ खात होते.

"कसा हाय?" शिवकुमारने विचारलं.

"चांगला हाय," ती म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.

लॉजची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. त्या रात्री गुरम्माने दाराजवळ चटईवर अंग टाकलं. पहाटे तिला जाग आली, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी. उजाडायला लागलं होतं. ती उठून बसली, केस बांधत होती, आणि तिच्या मांडीखालची फरशी हळूच सरकली.

जोराने नाही. झोळीतल्या बाळाला कुणी एक झोका द्यावा तशी. वरचा बंद पंखा दांडीसकट डुलत होता. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी काठाला लागून परतत होतं.

गुरम्माचा हात कडीवर कधी गेला, तिला कळलं नाही. "उठा. उठा, हलायलंय," ती ओरडत होती. सिद्धरामला तिने दंडाला धरून ओढलं, शेजारच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी बडवलं, तिथून शिवकुमार आणि वर्षाराणी बाहेर आली, तरी ती पुढच्या दारांवर थापा मारतच गेली. सगळा मजला जागा झाला. आग लागली म्हणून कुणी ओरडलं. जिन्यात चेंगराचेंगरी झाली. नागपूरकडचं एक मोठं कुटुंब होतं, त्यातल्या म्हाताऱ्या बाई पायरीवर घसरल्या.

खाली रस्त्यावर सगळे उभे राहिले. इमारत जागच्या जागी होती. एकही काच फुटली नव्हती. समोर दूधवाला दूध मोजत होता.

मॅनेजर बनियनवर बाहेर आला. त्याने कुणाला तरी विचारलं, कुणी तरी हात हलवून काही सांगितलं. "छोटा था, कुछ नहीं," तो म्हणाला. नागपूरचे गृहस्थ म्हाताऱ्या आईचा गुडघा चोळत होते. ते गुरम्माकडे बघून म्हणाले, "बाई, अशाने माणसं मरतात."

शिवकुमार तिच्याजवळ आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "अव्वा, धक्का होता, खरं हाय. पर लांब कुठं तरी झाला आसंल. संपला. आता काही न्हाई."

"मला वाटलं..."

"हाव. ठीक हाय."

तेव्हा तिला कळलं की आपण अनवाणी आहोत, पदर खांद्यावर नाही आणि केस अर्धे मोकळे आहेत. सगळा रस्ता आपल्याकडे बघतोय. कुठे तोंड लपवावं तिला समजेना. तेवढ्यात वर्षाराणी तिच्या पायाशी वाकली. ती परत वर जाऊन सासूच्या चपला घेऊन आली होती. तिने त्या जमिनीवर नीट ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली.

त्या चपलांमुळेच गुरम्मा पुढे बोटीत बसली, असं म्हणायला हरकत नाही. त्याच दिवशी, रविवारी, बस सगळ्यांना मच्छीमार बंदराजवळ सोडणार होती, तिथून बोटीतून फेरी, मग किनाऱ्यावर लोकांना बघायला ठेवलेली जुनी पाणबुडी बघायला जायचं. गुरम्मा लॉजवरच थांबली असती तर सगळ्यांचा दिवस फुकट गेला असता. एवढा तमाशा केल्यावर पुन्हा नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

सिद्धरामचं पोट मात्र सकाळपासून ठीक नव्हतं. जेट्टीवर आल्यावर तो म्हणाला, "मला न्हाई जमायचं. मी हितंच वाळूत बसतो. तुम्ही या जाऊन."

"मग मी थांबतो अप्पांजवळ," शिवकुमार म्हणाला. "वर्षा, तू अव्वाला घेऊन जा. तिला एकदा तरी बघू दे."

गुरम्मा काही बोलायच्या आत वर्षाराणीने तिचा हात धरला. बोटीवरच्या पोऱ्याने दोघींच्या गळ्यात नारिंगी जाकिटं अडकवली. इंजिन सुरू झालं आणि लाकडाची फळी गुरम्माच्या तळपायाखाली थरथरायला लागली.

 तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. बोट मोठी होती, माथ्यावर ताडपत्री, तीसेक माणसं. कुणाच्या तरी टेपवर गाणं लागलं होतं. नागपूरचं कुटुंब समोरच बसलं होतं, आजीच्या गुडघ्याला रुमाल बांधला होता. गुरम्माने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ती किनाऱ्याकडे बघत राहिली. शिवकुमारचा पिवळा शर्ट लांबून ओळखू येत होता. त्याच्या शेजारी पांढरं ते सिद्धरामचं धोतर. पौर्णिमेचा दिवस, त्यातून रविवार, म्हणून वाळूवर बरीच माणसं होती. बायका पाण्यात उतरून आंघोळी करत होत्या, पोरं नागडी धावत होती. पिवळा ठिपका लहान लहान होत गेला.

"आत्या, भ्या वाटायलंय का?" वर्षाराणीने विचारलं.

"न्हाई."

"मला वाटायलंय थोडं."

गुरम्माने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. गुरम्माला बरं वाटलं. तिने बाकावरचा एक हात सोडला आणि सुनेच्या मनगटावर ठेवला.

बोट मोठ्या डोंगराला वळसा घालून उघड्या समुद्रावर आली. पाणी निळंकाळं होतं. लाटा अशा नव्हत्याच, नुसतं वर जाणं आणि खाली येणं. मग एकदा बोट वर गेली ती जरा जास्त वर गेली, आणि सावकाश, अगदी सावकाश खाली आली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टेपवरचं गाणं चालूच होतं. पण गुरम्माने कान टवकारले. पहाटेची फरशी अशीच सरकली होती.

"वर्षा," ती म्हणाली, "ह्ये वेगळं होतं."

"लाट होती आत्या."

थोड्या वेळाने नावाड्याचा मोबाइल वाजला. तो एका हाताने सुकाणू धरून बोलत होता. आधी हसत बोलला. मग गप्प झाला आणि ऐकत राहिला. मग त्याने काही तरी मोठ्याने विचारलं, पुन्हा विचारलं, आणि फोन कानाला तसाच धरून किनाऱ्याकडे बघायला लागला. फोन तुटला असावा. त्याने टेप बंद करायला सांगितलं आणि बोट वळवली.

बोट बंदराच्या उलट दिशेला वळली. उन्हाची तिरीप एका गालावरून दुसऱ्या गालावर आली, त्यावरून गुरम्माने ते ओळखलं.

"काय म्हणाला त्यो फोनवर?"

वर्षाराणीने नजर पाण्याकडे वळवली. "काही न्हाई आत्या. बंदरात गर्दी झालीय म्हणे. थोडं थांबून जायचंय."

गुरम्मा तिचा चेहरा बघत होती. अकरा वर्षांपूर्वी शिवकुमार लातुरातून धावत गावी आला, तेव्हा त्याने ढिगाऱ्याजवळच्या माणसांना विचारलं होतं, सिंधु कुठाय म्हणून. तेव्हा एका बाईने असाच चेहरा करून म्हटलं होतं, काही न्हाई बाळा, बस जरा, पाणी पी.

"मला खोटं सांगू नको," गुरम्मा म्हणाली. "खोटं सांगितलं की मला जास्त भ्या वाटतं."

वर्षाराणीचे डोळे भरून आले. "त्याच्या भावाचा फोन होता बंदरावरून. पाणी मागं गेलं म्हणे, एकदम. बोटी चिखलात बसल्या. आन् मग आलं. लई आलं. बोटी एकमेकीवर आपटायल्यात. भाऊ म्हणाला, हिकडं येऊ नको, खोल पाण्यात ऱ्हा."

"आन् वाळूवर?"

"वाळूचं काही म्हणला न्हाई."

गुरम्मा उठली. हलत्या बोटीत ती आधाराविना सरळ नावाड्यापाशी गेली आणि त्याचा दंड धरला. "बोट फिरव. माझी माणसं हायेत तिथं. माझा मुलगा हाय." तो तेलुगूत काही म्हणाला. तिने दंड सोडला नाही.  बोटीतल्या बाकीच्या लोकांना एव्हाना समजलं होतं. सगळे एकदम बोलायला लागले. कुणाचा भाऊ किनाऱ्यावर होता, कुणाची मुलं बसमध्ये होती. माणसं एका बाजूला धावली, तशी बोट कलली. बायका किंचाळल्या. नावाडी ओरडला, आणि त्याच्या ओरडण्यातच भीती होती.

"आत्या, बसा," वर्षाराणी मागून तिला कवेत धरून ओढत होती. "सगळे उठले तर बोट उलटंल. त्यो म्हणतोय त्याची बायको, पोरं पण किनाऱ्यावरच हायेत. त्यालाबी जायचंय. पर आता गेलो तर आपण फुटू."

गुरम्माने नावाड्याकडे पाहिलं. तरणाबांड माणूस, मिशीवर घाम. तो आता तिच्याकडे बघत नव्हता, किनाऱ्याकडे बघत होता. तिने त्याचा दंड सोडला आणि तिथेच फळीवर बसली. वर्षाराणी तिच्याजवळ बसली. मग एकेक करून बाकीचे बसले.

तिथून पुढे काय झालं ते सांगण्यासारखं थोडंच आहे. ते थांबून राहिले. ऊन चढत गेलं. प्यायचं पाणी संपलं. किनारा लांब होता. त्यावर एक तपकिरी पट्टा दिसत होता, जो सकाळी नव्हता. कधी तो रुंद व्हायचा, कधी अरुंद. माणसं दिसत नव्हती. सकाळी ज्या वाळूवर ठिपके होते तिथे काहीच नव्हतं. गुरम्मा पिवळा रंग शोधत होती. एकदा तिला दिसल्यासारखा वाटला. ती कुणाची तरी उलटी पडलेली होडी होती.

शिवकुमारचा मोबाइल लागत नव्हता. वर्षाराणी पुन्हा पुन्हा लावत होती, शेवटी तिने फोन ओटीत टाकला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गुरम्माला एकदम दिसलं की ही पोर आपल्यापेक्षा जास्त घाबरलीय, कारण हिने आधी कधी हे पाहिलेलंच नाही. माणूस हातचा जाऊ शकतो हे हिला आज कळतंय.

"त्या दिवशी," गुरम्मा म्हणाली, "मी ढिगाऱ्याखाली होते तवा मला सिंधुचा आवाज येत होता. लई येळ. मी म्हणत होते, आले गं, आले. मला हात हलवता येत नव्हता."

वर्षाराणीने डोकं वर केलं.

"मग आवाज बंद झाला. मी तरी म्हणतच होते. कुणाला सांगितलं न्हाई ह्ये. ह्यांनाबी न्हाई."

 वर्षाराणीने दोन्ही हातांनी सासूचा हात धरून आपल्या मांडीवर घेतला. बोट वरखाली होत राहिली.

त्या दिवशी बोटीवर कुणालाच त्या पाण्याचं नाव माहीत नव्हतं. त्सुनामी हा शब्द दुसऱ्या दिवशी पेपरातून कळला, आणि त्याबरोबर हेही की दुसऱ्या किनाऱ्यांवर किती माणसं गेली. विशाखापट्टणमला पाण्याने त्या मानाने दया केली होती. पण बोटीवरच्यांना हे कुठून कळावं?

दुपार कलल्यावर नावाड्याने बोट आत घेतली. बंदरात होड्या एकमेकींवर चढल्या होत्या, पाण्यावर जाळी, बर्फाच्या पेट्या, चपला तरंगत होत्या. जेट्टीला लागताच नावाडी उडी मारून पळत सुटला. बोट बांधायलाही तो थांबला नाही, पोऱ्याने दोर टाकला. नागपूरच्या गृहस्थांनी आईला उचलून खाली घेतलं आणि मग मागे वळून गुरम्मालाही हात दिला.

दोघी किनाऱ्याकडे धावल्या. वाळू ओली होती, रस्त्यापर्यंत चिखल आला होता. सकाळी जिथे दोघांना सोडलं होतं तिथे चहाची टपरी होती. आता नुसते चार खांब उभे होते. बस थोडी वर रस्त्यावर उभी होती. वर्षाराणी आधी चढली. बस रिकामी होती. शिवकुमारच्या जागेवर त्याची पिशवी होती, पाण्याची बाटली होती.

ड्रायव्हर पानाच्या दुकानापाशी उभा होता. वर्षाराणीने त्याला विचारलं. तो बोलत असताना गुरम्मा फक्त तिच्या पाठीकडे बघत होती. पाठ ताठ झाली.

"दवाखान्यात नेलंय म्हणे," ती वळून म्हणाली. "पिवळ्या शर्टवाल्याला. अप्पांचं त्याला ठाऊक न्हाई."

सरकारी दवाखान्यापर्यंतचा रिक्षातला रस्ता गुरम्माला पुढे कधीच आठवला नाही. दोघींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की वर्षाराणीच्या बांगड्या फुटून गुरम्माच्या तळव्यात रुतल्या, हे तिला संध्याकाळी रक्त बघून कळलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं बसली होती, ओल्या कपड्यांत, चिखलात. गुरम्मा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत चालली. एका खाटेवर चादर वरपर्यंत ओढलेली होती. तिथे तिचे पाय थांबले. चादरीखालचा माणूस लहान होता. ती पुढे गेली.

व्हरांड्याच्या टोकाला सिद्धराम जमिनीवर बसला होता. धोतर चिखलाने माखलेलं, डोक्याला पट्टी. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून शिवकुमार. उजवा हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक, डोळे उघडे.

वर्षाराणी नवऱ्यापुढे बसली आणि रडायला लागली. गुरम्मा उभीच राहिली. तिला रडू आलं नाही. तिने वाकून शिवकुमारच्या कपाळावर हात ठेवला, मग गालावर, मग छातीवर. छाती वरखाली होत होती.

"खांदा निखळलाय फक्त," तो म्हणाला. "बसवला त्यांनी. अव्वा, तुम्ही कुठं होता? आम्हाला वाटलं बोट..." 

मग सिद्धरामने सांगितलं. तो कमी बोलणारा माणूस. थांबत थांबत सांगत होता. पाणी मागे गेलं तेव्हा सगळी माणसं खाली धावली होती, मासे तडफडत होते ते गोळा करायला, शंख वेचायला. शिवकुमारही गेला, पार आत, जिथे कधी कुणी गेलं नसेल. "मी वरून बघायलो होतो. मला काही समजलं न्हाई, पाणी कुठं गेलं ते. पर सकाळी तू दार बडवत होतीस ना, ते माझ्या डोस्क्यातून जाईना. मी हाक मारली. ह्यो हात हलवायचा नुसता, या म्हणून. मग मी छातीला हात लावून खाली पडलो. मुद्दाम. तवा आला पळत."

"मला वाटलं अप्पांना अटॅक आला," शिवकुमार म्हणाला.

त्याने बापाला उठवून पायऱ्यांपर्यंत आणलं तोच मागून पाणी आलं होतं. कठड्याचा लोखंडी गज सिद्धरामने एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड. पाणी ओढत होतं. सिद्धरामने दंड सोडला नाही, तेव्हाच खांदा निखळला. टपरीचा पत्रा येऊन सिद्धरामच्या डोक्याला लागला, तरी सोडला नाही.

"लई दुखलं आसंल त्याला," सिद्धराम म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

वर्षाराणी चहा आणायला गेली. गुरम्मा भिंतीला टेकून बसली. तिच्या शेजारी एक कोळीण बसली होती, वयाने तिच्याएवढीच, काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमक्या. ती व्हरांड्यातून येणाऱ्या प्रत्येक स्ट्रेचरला उठून बघायची आणि परत बसायची. एकदा उठताना ती पडली. गुरम्माने तिला धरलं. ती गुरम्माच्या तोंडाकडे बघून तेलुगूत काही तरी विचारत राहिली, पुन्हा पुन्हा तेच. वर्षाराणी आल्यावर गुरम्मा म्हणाली, "बघ काय म्हणायलीय."

"नागम्मा नाव हाय तिचं. तिचा मुलगा रात्रीच मासेमारीला गेलाय. होडी आली न्हाई. इथं आणलाय का म्हणून विचारायलीय."

"कुठं गेलाय? किनाऱ्याजवळ की आत?"

वर्षाराणीने विचारलं. "लांब आत म्हणे. रोज लांबच जातो."

गुरम्मा त्या बाईकडे वळली. "तिला सांग, आम्ही बी आतच होतो. सकाळपासून. आत काही न्हाई झालं. पाणी थोडं वर गेलं आन् खाली आलं, बास. तिला सांग, मी सोता बघितलंय."

वर्षाराणीने सांगितलं. नागम्माने ते ऐकलं, गुरम्माला हाताने चाचपून बघितलं, खरंच ही पाण्यातून आली का म्हणून, आणि पुन्हा काही विचारलं. वर्षाराणीने पुन्हा सांगितलं. असं कितीदा तरी झालं. शिवकुमारला सोडायला दवाखान्याने परवानगी दिली होती, रिक्षाही बाहेर उभी होती. पण गुरम्मा हलेना. सिद्धराम म्हणाला, "चल आता." ती म्हणाली, "तुम्ही जावा. मी हिच्यापाशी बसते." मग कुणीच गेलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला फाटकातून एक बाई नागम्माच्या नावाने हाका मारत आली. नागम्मा उठली पण पाऊल टाकेना. तिने गुरम्माचा पदर मुठीत धरला होता. ती बाई जवळ आली आणि बोलली. गुरम्मा शब्द समजून घ्यायला थांबली नाही, ती वर्षाराणीकडे बघत होती.

"आला म्हणे," वर्षाराणी म्हणाली. "दुसऱ्या बंदराला लागला. त्याला काही ठाऊकच न्हाई."

नागम्मा पदर सोडून पळाली. मागे वळूनही तिने पाहिलं नाही.

ती फाटकाबाहेर गेली आणि मग गुरम्माचे दात वाजायला लागले. आधी दात, मग हात, मग सगळं अंग. तिला थांबवता येईना. सकाळपासून जे आत धरून ठेवलं होतं ते एकदम सुटलं होतं. शिवकुमार घाबरून डॉक्टरला हाक मारायला निघाला. सिद्धरामने त्याला हाताने थांबवलं. तो सरकत गुरम्माजवळ आला, खांद्याला खांदा लावून बसला. वर्षाराणी दुसऱ्या बाजूला बसली.

"सिंधु मला हाक मारत होती," गुरम्मा म्हणाली. दातांमुळे शब्द तुटत होते. "त्या दिवशी. तुम्हाला कधी सांगितलं न्हाई."

 व्हरांड्यात कुणी तरी ओल्या फरशीवर फडकं मारत होतं.

"सांग," सिद्धराम म्हणाला. "आता सांग."